जुन्या मोटारींच्या गंजलेल्या क्रोम भागांचे पुनरुज्जीवन : रसायनशास्त्रीय विवेचन

सारांश :
जुन्या मोटारींचे बंपर, हबकॅप, दिव्यांच्या कडा व शोभेच्या पट्ट्या यांवरील क्रोमचा मुलामा कालांतराने गंजतो. तो केवळ चमक आणून दुरुस्त होतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखात क्रोम मुलाम्याची रचना, त्याच्या क्षरणाची कारणे, सौम्य स्वच्छता आणि पुनर्विलेपन या दोन उपायांच्या मर्यादा व त्यातील षट्संयुजी क्रोमियमचा आरोग्य व पर्यावरणविषयक प्रश्न यांचा विचार केला आहे. उदाहरणादाखल मुंबईत तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : क्रोमियम, निकेल, विद्युत विलेपन, क्षरण, षट्संयुजी क्रोमियम, प्रीमियर पद्मिनी.

प्रस्तावना :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० या इटालियन बनावटीच्या मोटारी बाहेर पडत असत. याच मोटारीला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मात्र खाजगी मालकांकडे आजही अनेक पद्मिनी आहेत. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या बिगर-व्यावसायिक वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. १९७४ मधील पहिल्या पद्मिनींनी ही वयोमर्यादा आता ओलांडली आहे. त्यामुळे ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय व ते कसे राखावे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

या मोटारीचे पत्रे पुन्हा रंगवता येतात, गाद्या नव्या शिवता येतात, इंजिनाचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधता येतात. खरी अडचण येते ती बंपरची. रंगकाम करणारा कारागीर गल्लोगल्ली मिळतो. परंतु क्रोमचा मुलामा शास्त्रशुद्ध चढवून देणारा मिळणे कठीण. प्रस्तुत लेखकास या अडचणीचा अनुभव स्वतःच्या घरातच आला. वडिलांनी वापरलेल्या पद्मिनीचे दोन्ही बंपर एका कारखान्यात नव्याने क्रोम करून घेतले होते. ते आरशासारखे चमकत घरी आले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांवर तांबूस ठिपके उमटले. ‘असे का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून हा लेख सिद्ध झाला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) क्रोम मुलाम्याची रचना व त्याच्या क्षरणाची प्रक्रिया समजून घेणे.
२) गंजाच्या अवस्थेनुसार योग्य उपायाची निवड स्पष्ट करणे.
३) पुनर्विलेपनातील टप्पे व त्यांमागील कारणे विशद करणे.
४) या व्यवसायातील आरोग्य व पर्यावरणविषयक प्रश्नांकडे लक्ष वेधणे.

क्रोम मुलाम्याची रचना :
क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ यांनी १७९७ मध्ये लावला. त्याच्या संयुगांच्या विविध रंगांमुळे ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. शोभेसाठी क्रोमियमचे विद्युत विलेपन मात्र १९२० च्या दशकात व्यावहारिक झाले आणि त्यानंतर अल्पावधीतच मोटारींच्या बाह्यांगावर निकेलच्या पिवळसर चमकेची जागा क्रोमच्या निळसर चमकेने घेतली.

आपण ज्याला ‘क्रोम’ म्हणतो, तो वस्तुतः अनेक थरांचा समूह आहे. पोलादी बंपरवर प्रथम तांब्याचा थर असतो. हा थर पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखडे भरून काढतो. त्यावर निकेलचा थर असतो. बाहेरच्या हवेत वापरायच्या पोलादी भागांसाठी तो सर्वसाधारणपणे २० ते ४० मायक्रॉन असावा, अशी अपेक्षा असते. सर्वांत वर क्रोमियमचा थर असतो आणि त्याची जाडी एक मायक्रॉनही नसते. ती साधारणतः ०.२५ मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजेच डोळ्यांना दिसणारी चमक व गंजापासूनचे संरक्षण यांचे बहुतांश श्रेय निकेलचे आहे. क्रोमियमचे काम त्या निकेलला काळवंडण्यापासून व ओरखड्यांपासून वाचवणे आणि निळसर छटा देणे एवढेच आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली, तर पुढील सर्व विवेचन सुलभ होते.

क्षरणाची प्रक्रिया :
क्रोमियमच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिसूक्ष्म व घट्ट पापुद्रा तयार होतो. तो पुढील ऑक्सिडीभवन रोखतो. यालाच निष्क्रियता असे म्हणतात. परंतु विलेपित क्रोमियमचा थर अखंड नसतो. त्यात अंतर्गत ताणामुळे सूक्ष्म तडे व छिद्रे असतात. या छिद्रांतून ओलावा निकेलपर्यंत पोहोचतो. निष्क्रिय क्रोमियमच्या तुलनेत निकेल अधिक क्रियाशील असल्याने ते धनाग्र बनते व हळूहळू विरघळू लागते. हे क्षरण निकेलचा थर भेदून पोलादापर्यंत पोहोचले, की परिस्थिती एकदम पालटते. आता पोलाद धनाग्र आणि सभोवतालचे निकेल व तांबे ऋणाग्र असा विद्युत घट तयार होतो. धनाग्र टाचणीच्या टोकाएवढे आणि ऋणाग्र सर्व बाजूंनी पसरलेले, अशी ही विषम जोडी असल्याने त्या एका बिंदूपाशी पोलाद वेगाने खाल्ले जाते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो मुलाम्याला आतून उचलतो, फोड येतात व अखेरीस पापुद्रे सुटतात.

झिंकच्या पत्र्यावरील गंज आणि क्रोमखालील गंज यांत हाच मूलभूत भेद आहे. झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. निकेल व क्रोमियम यांना तडा गेला, तर ते उलट लोखंडाच्या नाशाला हातभार लावतात.

या प्रक्रियेला वेग देणारा प्रमुख घटक म्हणजे क्लोराइड आयन. मुंबई व कोकण किनारपट्टीवरील खारी हवा आणि पावसाळ्यातील दीर्घकाळ टिकणारी आर्द्रता हे दोन्ही क्षरणास अनुकूल आहेत. बंपर बहुधा आतल्या बाजूने आधी गंजतो, हेही लक्षात घ्यावे. क्रोमियमच्या द्रावणाची खोलगट भागांत समान थर चढवण्याची क्षमता अत्यंत कमी असते. त्यामुळे बंपरच्या पाठीमागे मुलामा नाममात्र असतो आणि चाकांनी उडवलेला चिखल नेमका तेथेच साचून राहतो.

धातूची ओळख व अवस्थेचे निदान :
मोटारीवरील प्रत्येक चकाकणारा भाग क्रोम केलेल्या पोलादाचाच असतो, असे गृहीत धरू नये. चुंबक, वजन व गंजाचा रंग या तीन साध्या कसोट्यांवरून प्राथमिक ओळख पटते.
१) पोलाद : चुंबक घट्ट चिकटतो. गंज तांबूस असतो.
२) झिंक संमिश्राचे ओतीव भाग : चुंबक घट्ट चिकटत नाही, भाग जड लागतो. तांबूस गंजाऐवजी पांढुरके फोड व खड्डे दिसतात.
३) ॲल्युमिनियम : चुंबक चिकटत नाही, भाग हलका असतो. त्यावर बहुधा क्रोम नसून ॲनोडीकरणाचा पापुद्रा असतो.
४) स्टेनलेस स्टील : शोभेच्या पट्ट्यांना चुंबक चिकटत नाही किंवा क्षीणपणे चिकटतो. यांना विलेपनाची गरज नसते. केवळ पॉलिश पुरेसे ठरते.

ही ओळख न पटवता सर्व भाग एकाच आम्लात बुडवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. झिंक व ॲल्युमिनियम हे दोन्ही धातू तीव्र आम्लात आणि कॉस्टिक सोड्यातही विरघळतात. पोलादी बंपरचा गंज काढणारे द्रावण झिंकच्या ओतीव भागास कायमचे निकामी करू शकते.

पोलादी भागाच्या गंजाच्या स्थूलमानाने तीन अवस्था मानता येतील. पहिल्या अवस्थेत पृष्ठभागावर तांबूस ठिपके असतात; परंतु बोट फिरवल्यास खड्डा जाणवत नाही. दुसऱ्या अवस्थेत खड्डे व फोड असतात. तिसऱ्या अवस्थेत पापुद्रे सुटून पोलाद उघडे पडलेले किंवा आरपार छिद्र झालेले असते. पहिल्या अवस्थेत स्वच्छता पुरते. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत पुनर्विलेपनाचा विचार करावा लागतो.

सौम्य स्वच्छता व तिच्या मर्यादा :
भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन धूळ काढावी. अन्यथा तीच धूळ पृष्ठभाग खरवडते. त्यानंतर ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगाळून, पाण्यात भिजवून, ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवावा. हा उपाय घरगुती वाटला तरी त्याला आधार आहे. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ते क्रोमियमला ओरखडत नाही. मात्र पृष्ठभागावर साचलेला गंज निघतो. छिद्रांत मुरलेल्या गंजासाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण थोडा वेळ लावून स्वच्छ पाण्याने धुवावे व भाग पूर्ण कोरडा करावा. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या आपल्या परंपरेमागेही सेंद्रिय आम्लांचा हाच गुण आहे. शेवटी मेणाचा हात द्यावा, म्हणजे उघड्या छिद्रांत ओलावा शिरत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक म्हणजे पॉलिश पेपर. पाव मायक्रॉनचा थर त्याखाली क्षणार्धात निघून जातो. दुसरी म्हणजे स्नानगृह स्वच्छ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल; ते क्रोमियमच विरघळवते आणि मागे क्लोराइड ठेवून जाते.

बंपर उतरवून त्याच्या पाठीमागचा गंज खरवडून काढावा व तेथे गंजरोधक प्रायमर आणि रंग द्यावा. हे काम कोणाला दिसत नाही. तथापि बंपरचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

या स्वच्छतेने गेलेला मुलामा परत येत नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. ती गंजाची गती मंदावते, एवढेच. परंतु जतनाच्या दृष्टीने हेही पुष्कळ आहे. कारखान्यातून आलेला मूळ मुलामा ठिपक्यांसह टिकवणे आणि तो संपूर्ण काढून नवा चढवणे, यांत पहिला पर्याय मूळ वस्तूशी अधिक प्रामाणिक आहे. म्हणून जेथे शक्य आहे तेथे स्वच्छतेवरच थांबावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुनर्विलेपनाचे टप्पे :
१) जुना मुलामा उतरवणे : बंपर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धनाग्राला जोडला असता क्रोमियम विरघळते. त्यानंतर सल्फ्युरिक आम्लात त्याच पद्धतीने निकेल काढले जाते. जुन्या क्रोमवर थेट नवे क्रोम चढवल्यास ते धरत नाही.
२) दुरुस्ती : पोचे ठोकून काढतात, छिद्रे वेल्डिंगने भरतात. पत्र्यासाठी वापरली जाणारी लांबी येथे चालत नाही. कारण ती विद्युतवाहक नसल्याने तिच्यावर धातूचा थर बसत नाही.
३) घासणे व बफिंग : मुलामा खालच्या पृष्ठभागाचे दोष झाकत नाही, उलट ठळक करतो. एकूण श्रमांपैकी सर्वाधिक श्रम येथेच खर्ची पडतात.
४) तेलकटपणा काढणे : गरम अल्कली द्रावणाने धुतल्यावर पृष्ठभागावर पाण्याचा अखंड पडदा राहिला पाहिजे. पाणी कोठेही थेंबाथेंबाने फाटले, तर तेथे तेल शिल्लक आहे असे समजावे. त्यानंतर भाग सौम्य आम्लात बुडवून काढतात.
५) तांबे : आम्लयुक्त द्रावणातून पोलादावर थेट तांबे चढवल्यास ते सैल बसते. म्हणून प्रथम सायनाइडयुक्त द्रावणातून तांब्याचा किंवा निकेलचा पातळ थर देऊन मग आम्लयुक्त द्रावणातून जाड थर चढवतात. बारीक खड्डे या थराने भरून पुन्हा बफिंग करतात. झिंकच्या भागांसाठी सायनाइडयुक्त तांब्याचा पहिला थर अपरिहार्य मानला जातो.
६) निकेल : ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेले निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक आम्ल यांचे द्रावण आजही आधारभूत आहे. उत्तम कामात निकेलचे दोन थर असतात. खालचा थर गंधकविरहित व वरचा चमकदार थर गंधकयुक्त असतो. वरचा अधिक क्रियाशील असल्याने क्षरण खोल न जाता आडवे पसरते व पोलाद दीर्घकाळ सुरक्षित राहते.
७) क्रोमियम : एका लिटरमध्ये सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड व २.५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे १०० : १ हे प्रमाण पारंपरिक आहे. धनाग्र शिशाच्या संमिश्राचे असते.

एक उद्बोधक गणित :
आमच्या बंपरचे काय झाले, याचे उत्तर फॅराडेच्या नियमात सापडते. एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर २० मायक्रॉन निकेल चढवायचे तर सुमारे १.७८ ग्रॅम निकेल लागते. निकेलचा आयन द्विसंयुजी असल्याने त्यासाठी सुमारे ५,८५० कूलॉम विद्युतभार हवा. चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर या दराने यास सुमारे २४ मिनिटे लागतात. याउलट ०.२५ मायक्रॉन क्रोमियमचे वजन अवघे ०.०१८ ग्रॅम भरते. येथे सहा इलेक्ट्रॉन लागतात व कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या आसपासच असते. तरीही चौरस डेसिमीटरला १२ अँपिअर दराने हे काम सुमारे दोन मिनिटांत संपते.

दुसऱ्यांदा काम करून घेण्यापूर्वी प्रस्तुत लेखक त्याच कारखान्यात गेला असता, निकेलच्या हौदात बंपर किती वेळ ठेवता, असे तेथील कारागिरास विचारले. ‘पाच-सात मिनिटं, सर. चमक तर तेवढ्यातच येते,’ असे त्याने सरळपणे सांगितले. वरील दराने पाच-सात मिनिटांत जेमतेम ५ मायक्रॉनच्या आसपास निकेल बसते. सुटलेल्या पापुद्र्याखाली तांब्याचा लालसर रंगही कोठे दिसला नव्हता. कारागिराचे म्हणणे खोटे नव्हते. चमक खरोखर तेवढ्यातच येते. टिकाऊपणा मात्र उरलेल्या अठरा मिनिटांत असतो आणि तो घरी नेताना दिसत नाही. म्हणूनच ग्राहकाने ‘चमक कशी येईल?’ असे न विचारता ‘तांबे देणार का? निकेल किती मायक्रॉन देणार?’ असे विचारावे व तसे लेखी घ्यावे. भारतीय मानक आयएस १०६८ हे निकेल-क्रोमियम मुलाम्यासाठीच आहे. त्याचा उल्लेख करणे उपयुक्त ठरते.

आरोग्य व पर्यावरण :
त्याच भेटीत आणखी एक गोष्ट नजरेस पडली. त्या कारागिराच्या बोटांच्या पेरांवर लहान, गोल, खोलगट व्रण होते. त्याच्या हातांत मोजे नव्हते. व्रणांविषयी विचारले असता, ‘हे क्रोमवाल्यांना असतंच,’ एवढेच तो म्हणाला.

क्रोमियमच्या हौदात बहुतांश विद्युतभार हायड्रोजन वायू निर्माण करण्यात खर्च होतो. त्याचे बुडबुडे फुटताना षट्संयुजी क्रोमियमचे तुषार हवेत मिसळतात. त्यांच्या संपर्काने त्वचेवर व्रण होतात, नाकाच्या पडद्यास छिद्र पडू शकते आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच षट्संयुजी क्रोमियम संयुगांचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या गटात केला आहे. हौदावर हवा ओढून घेणारी यंत्रणा, तुषार रोखणारे रसायन, रबरी मोजे व नियमित वैद्यकीय तपासणी हे उपाय ज्ञात आहेत आणि फार खर्चिकही नाहीत.

सांडपाण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. भारतात भूपृष्ठावरील जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. एका लिटर विलेपन द्रावणात सुमारे १३० ग्रॅम क्रोमियम असते. म्हणजे एक लिटर द्रावण केवळ पाणी मिसळून त्या मर्यादेत आणायचे तर दहा लाख लिटरहून अधिक पाणी लागेल. शुद्धीकरणाची रीत मात्र पदवी अभ्यासक्रमातील रसायनशास्त्राच्या आवाक्यातील आहे. आम्लयुक्त स्थितीत सोडियम मेटाबायसल्फाइटने षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत क्षपण करावे, मग चुन्याने सामू ८ ते ९ पर्यंत वाढवून हायड्रॉक्साइडचा साका वेगळा करावा. हा साका घातक कचरा असल्याने त्याची विल्हेवाट अधिकृत व्यवस्थेमार्फतच लावावी लागते.

युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरास विशेष अनुमती आवश्यक झाली. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये शोभेच्या विलेपनातून षट्संयुजी क्रोमियम टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम केला. त्रिसंयुजी क्रोमियमचे द्रावण हा शोभेच्या कामासाठी उपलब्ध असलेला पर्याय आहे. त्याची छटा किंचित वेगळी येते, म्हणून काही संग्राहक त्यास नाके मुरडतात. परंतु गंजापासूनचे संरक्षण मुख्यतः निकेलवर अवलंबून असल्याने, छटेतील या अल्प फरकासाठी कारागिराचा श्वास पणाला लावणे समर्थनीय ठरत नाही.

निष्कर्ष :
१) क्रोम भागांचे टिकाऊपण क्रोमियमवर नव्हे, तर त्याखालील निकेलच्या जाडीवर अवलंबून असते.
२) उपाय ठरवण्यापूर्वी धातूची ओळख व गंजाची अवस्था निश्चित करणे अनिवार्य आहे.
३) पहिल्या अवस्थेतील गंजासाठी सौम्य स्वच्छता, मेण व पाठीमागील बाजूस रंग हे उपाय पुरेसे असून मूळ स्वरूप राखणारे आहेत.
४) अल्प वेळात केलेले विलेपन चमकदार असले तरी अल्पायुषी ठरते.
५) जेथे पुनर्विलेपन अटळ आहे, तेथे त्रिसंयुजी क्रोमियमला प्राधान्य द्यावे, षट्संयुजी द्रावण वापरले जात असल्यास कामगारसुरक्षा व सांडपाणी शुद्धीकरण यांची खात्री करून घ्यावी.

समारोप :
आमच्या मोटारीचा पुढचा बंपर दुसऱ्या ठिकाणी तांबे व पुरेसे निकेल देऊन नव्याने करून घेतला. मागच्या बंपरवरील ठिपके अजून उथळ असल्याने तो स्वच्छ करून, पाठीमागून रंगवून तसाच बसवला आहे. दोहोंच्या चमकेत फरक आहे व तो राहू दिला आहे. विलेपन हा विषय आपण वर्गात फॅराडेच्या दोन नियमांपुरता शिकवतो. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील लहान विलेपन व्यावसायिकांशी संपर्क साधून थराची जाडी मोजणे व सांडपाण्याची तपासणी एवढे साहाय्य केले, तर विद्यार्थ्यांना नियमाचा अर्थ कळेल, ग्राहकाला टिकाऊ काम मिळेल आणि त्या व्रणांना ‘असतंच’ असे म्हणण्याची वेळ कारागिरावर येणार नाही.